जुन्या कर्नलवरचे रफूकाम

कार्यप्रणालीचा जो भाग यंत्रसामग्री आणि वापरकर्त्याचे प्रोग्राम यांच्या मधोमध बसून मेमरी, प्रोसेसरचा वेळ, डिस्क आणि नेटवर्क यांची वाटणी करतो, त्याला कर्नल म्हणतात. १९९१ मध्ये हेलसिंकी येथे विद्यार्थी असलेल्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलेला लिनक्स कर्नल आज मोबाइल फोनपासून महासंगणकापर्यंत चालतो, आणि त्याची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी प्रसिद्ध होते. मात्र बँकेचा सर्व्हर, रुग्णालयातील यंत्र किंवा घरातला राउटर दर दहा आठवड्यांनी नवा कर्नल घेत नाही आणि बहुतेक वेळा घेऊही नये. ही यंत्रे वर्षानुवर्षे एकाच आवृत्तीवर राहतात, आणि नव्या आवृत्तीत सापडलेले कितीतरी दोष त्या जुन्या आवृत्तीतही मुळापासून असतातच. नव्या आवृत्तीतील दुरुस्ती तेवढीच उचलून, तिच्याबरोबर दुसरे काही नवे न आणता, जुन्या आवृत्तीत बसवण्याच्या कामाला बॅकपोर्टिंग म्हणतात. कर्नलच्या नेटवर्क-विभागातील दोषांच्या बाबतीत हे काम कसे होते, कुठे फसते आणि ते नीट व्हावे यासाठी काय काय वाचावे लागते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

या कामाविषयी एक समज फार रूढ आहे, तो असा की दुरुस्ती शोधणे आणि लिहिणे हेच खरे बुद्धीचे काम, आणि ती जुन्या शाखेत नेणे म्हणजे निव्वळ नक्कल. प्रस्तुत पुस्तक या समजाशी सहमत नाही. दुरुस्तीच्या ओळी बरोबर ठरतात त्या भोवतालच्या कोडने काही गोष्टी आधीच सांभाळलेल्या असतात म्हणून. तो भोवताल बदलला की अक्षर न् अक्षर तशाच राहिलेल्या ओळींचा अर्थ पालटतो, आणि नव्या कर्नलमध्ये भोक बुजवणारी ओळ जुन्या कर्नलमध्ये नवे भोक पाडू शकते. असे प्रत्यक्षात घडलेले आहे, आणि त्याचे एक उदाहरण याच प्रस्तावनेत पुढे सविस्तर येईल.

शब्दांविषयी थोडे आधीच सांगणे आवश्यक आहे. कर्नल, पॅकेट, पॅच, कमिट, पॉइंटर हे शब्द या पुस्तकात तसेच ठेवले आहेत, कारण पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत हे काम करणारी मराठी माणसे तेच शब्द बोलतात आणि त्यांच्यासाठी नवे संस्कृत प्रतिशब्द घडवल्याने वाचकाचे काम सोपे होत नाही. त्यांतला पॅच हा शब्द मात्र क्षणभर थांबून पाहण्याजोगा आहे. त्याचा सरळ अर्थ ठिगळ. ठिगळाला कापड कोणतेही चालते, शिवण दिसली तरी बिघडत नाही, फाटलेले झाकले गेले की काम झाले. रफू करणारा कारागीर आधी कापड उजेडात धरून वीण पाहतो, उभा धागा कुठला आणि आडवा कुठला हे ओळखतो, जमल्यास त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागा काढतो आणि फाटलेल्या जागी एकेक धागा विणीच्या चालीने ओवत नेतो. जुन्या कर्नलमध्ये दुरुस्ती बसवणे हे या दुसऱ्या प्रकारचे काम आहे, मग रोजच्या बोलण्यात 'पॅच मारला' असे कितीही म्हटले जावो.

लिनक्सच्या स्थिर शाखेची आजची घडी मार्च २००५ मध्ये बसली, जेव्हा ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी २.६.११ या आवृत्तीवर केवळ दुरुस्त्या असलेली २.६.११.१ काढली. पुढे काही निवडक आवृत्त्या अधिक काळ सांभाळण्याची प्रथा पडली आणि त्यांना दीर्घकालीन आवृत्त्या म्हटले जाऊ लागले. २.६.१६ ही एड्रियन बंक यांनी सांभाळली, २.६.३२ ला विली टारो यांनी, तर ३.२ आणि ३.१६ यांना बेन हचिंग्ज यांनी दीर्घायुष्य दिले, आणि आज क्रोआ-हार्टमन यांच्याबरोबर साशा लेव्हिन हे या शाखांची जबाबदारी वाहतात. २०१७ मध्ये दीर्घकालीन आवृत्तीचे आयुष्य सहा वर्षांपर्यंत वाढवण्यात आले आणि २०२३ मध्ये ते पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचे ठरले.

या शाखेत काय यावे याचे नियम कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजांत लिहिलेले आहेत आणि ते मोजकेच आहेत. दुरुस्ती आधी टॉरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेत गेलेली असावी, ती उघडपणे बरोबर आणि चाचणी केलेली असावी, आजूबाजूच्या ओळी धरून ती शंभर ओळींपेक्षा मोठी नसावी, आणि तिने खऱ्या वापरकर्त्याला जाचणारा खरा दोष दूर करावा. यांतला पहिला नियम सर्वांत मोलाचा आहे, कारण जुन्या शाखेतील दुरुस्ती मुख्य शाखेत नसेल तर पुढे नवी आवृत्ती घेणाऱ्याच्या वाट्याला तोच दोष पुन्हा येतो. शंभर ओळींचा नियम सोयीचा आहे, पण तो आकार मोजतो आणि धोका मोजत नाही. पुढे दिसेल की सर्वांत घातक ठरलेली दुरुस्ती एका ओळीची होती.

नेटवर्क-विभाग कर्नलच्या इतर भागांहून वेगळा पडतो तो त्याच्या दारामुळे. डिस्कवरून वाचली जाणारी माहिती बहुधा त्याच यंत्राने कधीतरी लिहिलेली असते, पण नेटवर्क-कार्डावर येऊन धडकणारे पॅकेट जगातील कोणीही, कोणत्याही हेतूने आणि कोणत्याही चमत्कारिक आकारात पाठवलेले असू शकते, आणि ते उघडून पाहण्याआधी पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय त्या पातळीवर नसते. त्यात वेगाचा तगादा असतो. एका सेकंदात लाखो पॅकेट हाताळणाऱ्या मार्गावर प्रत्येक अनावश्यक तपासणी महाग पडते, म्हणून त्या मार्गावरचा कोड अनेक गोष्टी गृहीत धरून चालतो. ही गृहीतके कुठेही लिहिलेली नसतात. ती लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात असतात, आणि वर्षे लोटली, माणसे बदलली की ती केवळ कोडच्या घडणीवरून ताडावी लागतात. शिवाय टीसीपीसारख्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे दोन यंत्रांनी संवादासाठी पाळायच्या नियमसंचामध्ये, प्रत्येक जोडणीची स्मृती ठेवावी लागते. काय पाठवले, काय पोचले, काय हरवले, पुन्हा कधी पाठवायचे, या सगळ्या नोंदी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि एक हलली की दुसरी हलावीच लागते.

२०१९ च्या जून महिन्यातील एक प्रसंग या सर्व गोष्टी एकत्र दाखवतो. नेटफ्लिक्समधील जोनाथन लूनी यांनी शोधलेला आणि १७ जून रोजी जाहीर झालेला हा दोष 'सॅक पॅनिक' या नावाने ओळखला जातो आणि सीव्हीई या सार्वजनिक दोषसूचीत त्याचा क्रमांक २०१९-११४७७ असा आहे. सॅक म्हणजे निवडक पोच. टीसीपीच्या मूळ रीतीत माहिती घेणारे यंत्र 'अमुक बाइटपर्यंत सलग मिळाले' एवढेच कळवू शकत होते. दहा तुकड्यांपैकी तिसरा हरवला तर चौथ्यापासून दहाव्यापर्यंतचे मिळाल्याचे सांगण्याची सोय नव्हती. १९९६ मध्ये आरएफसी २०१८ या प्रमाणकाने ती सोय केली. लिनक्स प्रत्येक पॅकेट सॉकेट बफर नावाच्या नोंदीत ठेवतो, ज्याला कर्नलवर काम करणारे एसकेबी म्हणतात, आणि पोच मिळालेले पण अजून टाकून न देता येणारे असे शेजारशेजारचे एसकेबी एकत्र करून जागा व वेळ वाचवण्याची युक्ती मार्च २००९ मधील २.६.२९ या आवृत्तीत आली.

एका एसकेबीत माहितीचे जास्तीत जास्त १७ खंड राहू शकतात आणि नेहमीच्या इंटेल-पद्धतीच्या यंत्रावर प्रत्येक खंड ३२ किलोबाइटपर्यंतचा असू शकतो, म्हणजे एकूण ५,५७,०५६ बाइट. ही माहिती तारेवर जाताना किती तुकड्यांत जाणार याची संख्या एसकेबीजवळ १६ बिटांच्या खान्यात लिहिली जाते, आणि १६ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५,५३५ आहे. एरवी एका तुकड्यात हजार-पंधराशे बाइट जातात, त्यामुळे हा खाना कधी भरत नाही. पण तुकडा किती मोठा चालेल हे समोरचे यंत्र जोडणीच्या प्रारंभी कळवते, आणि लिनक्स त्याला ४८ बाइटपर्यंत खाली उतरू देत असे. त्यातले ४० बाइट टीसीपीच्या पर्यायी नोंदींनी व्यापले तर खऱ्या माहितीसाठी उरतात ८. आता ५,५७,०५६ ला ८ ने भागले की येतात ६९,६३२ तुकडे, जे ६५,५३५ च्या पलीकडे आहेत, म्हणून खान्यातला आकडा उलटून पुन्हा लहान होतो. पुढे कोडमध्ये एक पहारा होता, ज्याचा आशय असा की तुकड्यांची संख्या कधीच अशी विसंगत असू शकत नाही आणि तशी आढळलीच तर कर्नलने जागच्या जागी थांबावे. दूरच्या कोणीतरी नेमक्या क्रमाने पाठवलेल्या पोचांनी तो पहारा जागा होई आणि अख्खे यंत्र बंद पडे. दहा वर्षे हा दोष तिथेच होता, आणि हजारो तज्ज्ञ डोळ्यांखालून गेला होता.

एरिक ड्युमाझे यांनी लिहिलेली दुरुस्ती कल्पनेने सरळ होती: दोन एसकेबी एकत्र करण्याआधी बेरीज ६५,५३५ च्या आत राहते का हे विचारावे आणि राहत नसेल तर एकत्रीकरण सोडून द्यावे. ती ५.१.११, ४.१९.५२, ४.१४.१२७, ४.९.१८२ आणि ४.४.१८२ अशा पाच स्थिर आवृत्त्यांत एकाच वेळी आली, आणि या पाच आकड्यांकडे पाहणाऱ्याला वाटावे की एकच कागद पाच ठिकाणी चिकटवला असावा. वस्तुस्थिती तशी नव्हती. ४.१५ पासून लिनक्सने पॅकेटांचा क्रम उलटसुलट झाल्याचे ओळखण्याची रीत बदलली होती. त्यापूर्वी पुढे किती पॅकेट पोचली याची मोजणी चाले, ज्याला फॅक म्हणत, आणि त्यानंतर अनुक्रमांकांतील अंतर पाहिले जाऊ लागले. दुरुस्ती ज्या फंक्शनला हात लावत होती, तिथे नव्या कर्नलमध्ये एक चल फक्त 'या एसकेबीत किती तुकडे' एवढेच सांगत होता, तर ४.१४ मध्ये तोच चल शेवटी फॅकच्या मोजणीत मिळवलाही जात होता. मूळ ओळी तशाच उचलल्या असत्या तर सॅक पॅनिक टळला असता, कर्नल कोसळला नसता, आणि तरीही जुनी मोजणी हळूहळू चुकत गेली असती. म्हणून ४.१४ साठीच्या पॅचमध्ये पुढच्या एसकेबीची संख्या वेगळ्या चलात ठेवून जुनी बेरीज शाबूत राखली गेली, आणि हा फरक का करावा लागला याचे टिपण त्याच कमिटच्या मजकुरात लिहून ठेवले गेले. बॅकपोर्ट कसा असावा याचा हा छोटा आणि फार चांगला नमुना आहे.

त्याच संचातील दुसरी दुरुस्ती, क्रमांक २०१९-११४७८ ची, वेगळा धडा देते. एसकेबी पुन्हा पुन्हा तोडायला लावून मेमरी खाल्ली जाऊ नये म्हणून तिने तोडण्यावर एक मर्यादा घातली. पण पाठवणीच्या साठ्याचा आकार मुद्दाम अगदी लहान ठेवणारे काही प्रोग्राम जगात होते, आणि तुकडा हरवल्यावर तो पुन्हा पाठवण्याआधी तोडावा लागतो त्या वेळी नवी मर्यादा त्यांना आडवी येऊ लागली. जोडणी तुटत नसे, पण पुढेही सरकत नसे. जून आणि जुलै २०१९ मध्ये त्या मर्यादेला दोनदा मुरड घालावी लागली. ज्याने पहिली दुरुस्ती आपल्या शाखेत घेतली त्याच्यावर या पुढच्या दोन्ही घेण्याचे बंधन आपोआप आले, आणि हे बंधन ध्यानात ठेवण्याची व्यवस्था नसेल तर पहिली दुरुस्ती घेणेच अर्धवट ठरते.

सर्वांत बोधक उदाहरण मात्र क्रमांक २०१९-१५२३९ चे आहे. मे २०१८ मध्ये सिझकॉलर या साधनाने, जे कर्नलवर चित्रविचित्र क्रमाने सिस्टिम कॉलचा मारा करून दोष हुडकते, टीसीपीची जोडणी सुरू होण्याच्या टप्प्यावर यंत्र कोसळवण्याचा एक हमखास मार्ग शोधला. जोडणीच्या पहिल्याच पॅकेटबरोबर माहिती पाठवण्याची जी सोय आहे, तिचा गैरवापर करून पाठवणीच्या रांगेत आधीची माहिती शिल्लक ठेवता येत होती आणि पुढे ती रांग व तिचे अनुक्रमांक यांचा मेळ बसत नव्हता. त्यावर उपाय एका ओळीचा निघाला: जोडणीची सुरुवात करताना रांग पूर्ण रिकामी करावी. मुख्य शाखेत ही ओळ निर्दोष होती. ४.१६.१२ मध्येही ती निर्दोष होती.

४.१४ आणि त्याहून जुन्या कर्नलमध्ये ती रांग वेगळ्या घडणीची होती. तिथे पाठवून झालेली पण पोच न आलेली पॅकेट आणि अजून न पाठवलेली पॅकेट एकाच लांब साखळीत राहत, आणि कुठून पुढची अजून पाठवायची आहेत हे दाखवायला एक स्वतंत्र पॉइंटर असे, ज्याचे नाव 'एसके सेंड हेड'. पॉइंटर म्हणजे मेमरीतील एखाद्या जागेचा पत्ता. ४.१५ मध्ये पाठवून झालेली पॅकेट वेगळ्या वृक्षरचनेत हलवली गेली. मूळ रांगेत केवळ न पाठवलेली उरली, त्यामुळे तिचे पहिले पॅकेट हेच पुढचे पाठवायचे पॅकेट ठरले आणि वेगळ्या पॉइंटरची गरजच संपली. आता ती एक ओळ दोन्हीकडे नेऊन पाहावी. नव्या कर्नलमध्ये रांग रिकामी झाली की विषय संपतो. जुन्या कर्नलमध्ये रांग रिकामी होते, पॅकेटांची मेमरी परत केली जाते, आणि एसके सेंड हेड मात्र त्या परत केलेल्या मेमरीकडेच बोट दाखवत उभा राहतो. घर पाडून जागा दुसऱ्याला दिली आणि पत्त्याची चिठ्ठी मात्र टपालवाल्याच्या हातात तशीच राहिली, अशी ती स्थिती. जोडणी तोडण्याच्या फंक्शनमध्ये रांग रिकामी केल्यावर हा पॉइंटर वेगळा पुसला जात असे, पण जोडणी सुरू करण्याच्या फंक्शनमध्ये तो पुसण्याचे कारण पूर्वी कधी पडलेच नव्हते, कारण तिथे रांग रिकामी केली जातच नव्हती. तोडणे आणि पुन्हा जोडणे यांच्या मधल्या फटीत रांगेत पॅकेट घालता येते, हे कोणालाही सहज सुचण्यासारखे नव्हते. तसे केले की परत केलेली मेमरी वापरली जाई आणि यंत्रावर साधे खाते असलेला माणूस कर्नल कोसळवू शके, कदाचित जादा अधिकारही मिळवू शके. सीव्हीईच्या नोंदीत स्पष्ट म्हटले आहे की या बॅकपोर्टने आलेला दोष ज्या दोषासाठी तो केला होता त्याहून अधिक गंभीर असू शकतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये बेन हचिंग्ज यांच्या दुरुस्तीने ४.१४.१३९ आणि ४.९.१९० मध्ये हे भोक बुजले. पॉइंटर पुसण्याची क्रिया त्यांनी रांग रिकामी करणाऱ्या फंक्शनमध्येच हलवली, म्हणजे पुढे कोणी कुठूनही रांग रिकामी केली तरी पॉइंटर मागे राहणार नाही. ही दुरुस्ती मुख्य शाखेत कधीच नव्हती आणि असण्याचे कारणही नव्हते, कारण तिथे तो दोषच अस्तित्वात नव्हता. ४.१५ मधील वृक्षरचना जुन्या शाखेत आणणे हा दुसरा मार्ग होता, पण तो बदल स्थिर शाखेला झेपणारा नव्हता. 'आधी मुख्य शाखेत' हा नियम इथे अक्षरशः पाळता येत नाही, आणि अशा वेळी कमिटच्या मजकुरात कारण लिहिणे हेच त्या नियमाची खरी बूज राखणे होय.

या प्रसंगात लक्षात घेण्याची गोष्ट ही की ती एक ओळ जुन्या कर्नलमध्ये विनातक्रार बसली. बॅकपोर्ट करणारे गिट हे साधन वापरतात आणि निवडलेला कमिट दुसऱ्या शाखेवर लावायला सांगतात. भोवतालच्या ओळी जुळल्या नाहीत तर गिट अडते आणि माणसाला हाताने जुळवणी करावी लागते. ही अडचण त्रासाची वाटते, पण तिच्यामुळे माणूस निदान थांबतो आणि वाचतो. जिथे काहीच अडत नाही तिथे धोका अधिक असतो, कारण गिट मजकूर जुळतो का एवढेच पाहते आणि त्या मजकुराने धरलेली गृहीतके जुळतात का हे पाहणे त्याच्या आवाक्याबाहेर आहे. साशा लेव्हिन यांनी यंत्र-शिक्षणाच्या साहाय्याने दुरुस्त्या निवडण्याची जी पद्धत आणली, तिने विसरले गेलेले असंख्य उपयोगी कमिट स्थिर शाखांत आले हे मान्य केलेच पाहिजे. परंतु निवड आणि वाचन ही दोन कामे आहेत, आणि दुसरे काम पहिल्यामुळे कमी झालेले नाही.

वाचनाची सुरुवात बहुधा एका छोट्या ओळीपासून होते. दुरुस्तीच्या कमिटमध्ये 'फिक्सेस' या शब्दापुढे दोष ज्या कमिटने आणला त्याच्या ओळखखुणेची पहिली बारा अक्षरे आणि शीर्षक लिहायची प्रथा आहे. तो कमिट आपल्या शाखेत नसेल तर बहुधा दोषही नसतो आणि दुरुस्ती घ्यायची नसते. असेल तर पुढचा प्रश्न हा की दोष आल्यापासून दुरुस्ती होईपर्यंत त्या फाइलमध्ये आणखी काय काय बदलले, आणि त्यांपैकी कोणत्या बदलावर दुरुस्ती टेकलेली आहे. हे उत्तर कमिटच्या मजकुरात क्वचितच असते. ते दोन शाखांतील तेच फंक्शन शेजारी ठेवून, त्याला हाक मारणारे प्रत्येक फंक्शन शोधून, कुलूप कोण लावते आणि मेमरी कोण परत करते हे दोन्हीकडे पडताळून मिळवावे लागते. जुळवणीत काही बदलले असेल तर बॅकपोर्ट करणाऱ्याने आपले आद्याक्षर आणि बदल चौकटी कंसात नोंदवायचा असतो. ही रीत वरवर किरकोळ दिसते, पण पाच वर्षांनी त्याच जागी उभ्या राहणाऱ्या अनोळखी माणसासाठी तेवढाच एक दुवा उरतो.

नेटवर्क-विभागाची या बाबतीत स्वतःची परंपराही होती. डेव्हिड मिलर यांनी अनेक वर्षे या विभागाच्या दुरुस्त्यांची वेगळी रांग स्वतः सांभाळली. दुरुस्ती पाठवणाऱ्याने ती स्थिर शाखेकडे परस्पर पाठवू नये, विभागप्रमुखच योग्य त्या निवडून काही काळ मुख्य शाखेत मुरल्यावर पुढे देतील, असा दंडक होता. २०२१ च्या सुमारास तो सोडला गेला आणि नेटवर्कच्या दुरुस्त्याही इतरांसारख्याच थेट मार्गाने जाऊ लागल्या. जुनी पद्धत एका माणसाच्या खांद्यावर फार भार टाकणारी होती आणि ती कायम चालणे शक्य नव्हते, तरी तिच्यात एक गुण होता जो नोंदवला पाहिजे: दुरुस्ती जुन्या शाखेत जाण्याआधी टीसीपीची घडण तोंडपाठ असलेला एक माणूस तिच्याकडे नक्की पाहत असे.

व्यापारी वितरणांच्या वाट्याला याशिवाय आणखी एक बंधन येते. रेड हॅटच्या सातव्या मालिकेचा कर्नल शेवटपर्यंत ३.१० म्हणवला गेला, आठवीचा ४.१८ आणि नववीचा ५.१४, पण आत हजारो नव्या दुरुस्त्या आणि सोयी बसवलेल्या असतात. या वितरणांवर बाहेरच्या कंपन्यांनी आधीच कंपाइल केलेली ड्रायव्हर-मॉड्युले चालतात, आणि ती मॉड्युले कर्नलच्या नोंदींतील प्रत्येक खाना सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे हे धरून बसलेली असतात. दुरुस्तीने सॉकेटच्या नोंदीच्या मध्ये एक नवा खाना घातला तर त्यापुढचे सगळे सरकते आणि जुने मॉड्युल भलत्याच जागी वाचू-लिहू लागते. म्हणून अशा नोंदींत आधीच काही जागा राखून ठेवतात आणि नवे खाने त्या राखीव जागेत बसवतात. ती संपली की दुरुस्तीचे रूपच बदलावे लागते. याच पद्धतीमुळे आवृत्तीचा आकडा पाहून 'हा कर्नल जुना, म्हणून असुरक्षित' असा निष्कर्ष काढणारी तपासणी-साधने फसतात. ३.१० म्हणवणाऱ्या कर्नलमध्ये सॅक पॅनिकची दुरुस्ती आहे की नाही हे त्या आकड्यावरून कळत नाही. वितरकाच्या बदलनोंदीतूनच ते कळते.

चाचणीच्या बाबतीत नेटवर्क-विभाग सुदैवी आहे. एकाच यंत्रात दोन स्वतंत्र नेटवर्क-नामावकाश तयार करून ते आभासी तारेने जोडता येतात, त्या तारेवर मुद्दाम विलंब आणि पॅकेटगळती घडवता येते, आणि गूगलमध्ये तयार झालेल्या पॅकेटड्रिल या साधनाने 'आता हे पॅकेट आत येईल, त्यावर इतक्या मिलिसेकंदांत हे पॅकेट बाहेर गेले पाहिजे' अशी टीसीपीची संवादसंहिता लिहून कर्नलकडून ती तंतोतंत वदवून घेता येते. बॅकपोर्टसाठी योग्य चाचणी तिहेरी असते: दुरुस्तीआधीचा जुना कर्नल कोसळतो हे पाहणे, दुरुस्तीनंतरचा कोसळत नाही हे पाहणे, आणि दुरुस्तीशी ज्यांचा संबंध नाही अशा जोडण्या पूर्वीइतक्याच वेगाने चालतात हे पाहणे. यांतली पहिली पायरी घाईत सर्वाधिक वेळा गाळली जाते, आणि ती गाळली की दुसऱ्या पायरीच्या यशाला काही अर्थ राहत नाही, कारण मुळात चाचणी त्या दोषापर्यंत पोचत होती का हेच ठाऊक नसते.

पुढील प्रकरणांचा क्रम याच दृष्टीने लावला आहे. आरंभी एसकेबीची घडण आणि टीसीपीच्या रांगा जुन्या व नव्या दोन्ही रूपांत समजावल्या आहेत, त्यानंतर आयपी खंडांची जुळवणी आणि २०१८ मधील फ्रॅगमेंटस्मॅक हा दोष येतो, जिथे छोटी दुरुस्ती पुरली नाही आणि जुन्या शाखांमध्ये खंडांच्या कोष्टकाची अख्खी नवी रचना न्यावी लागली. कुलपे, टायमर आणि ड्रायव्हर यांची प्रकरणे शेवटी आहेत. सी भाषा जाणणाऱ्या आणि गिट रोज वापरणाऱ्या वाचकाला याहून अधिक पूर्वतयारी लागू नये.

दीर्घकालीन आवृत्त्यांचे अधिकृत आयुष्य संपल्यावरही हे काम थांबत नाही. ४.१९ ची अधिकृत देखभाल डिसेंबर २०२४ मध्ये संपली, ४.४ ची त्याच्याही आधी, परंतु लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१६ पासून चालणारा सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म हा प्रकल्प वीज, रेल्वे आणि कारखान्यांतील यंत्रांसाठी या दोन्ही शाखा दहा वर्षांच्या बेताने सांभाळतो, ४.४ ला जानेवारी २०२७ पर्यंत आणि ४.१९ ला जानेवारी २०२९ पर्यंत. ४.१९ मध्ये टीसीपीची नवी वृक्षरचना आहे. ४.४ मध्ये जुनी लांब साखळी आहे, तिच्यावर एसके सेंड हेड आहे, आणि मुख्य शाखेत आज लिहिल्या जाणाऱ्या टीसीपीच्या प्रत्येक दुरुस्तीपुढे ४.४ सांभाळणाऱ्याला तो पॉइंटर त्या क्षणी कुठे बोट दाखवतो हे अजूनही स्वतः तपासावे लागते.